विठोजी होणे

बेळ्ळंदूर, बेंगळूरु
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अक्कास,
हर्षिताचा शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र तू परत पाठवलंस त्यात लाल शाईच्या सतरा खुणा होत्या. सव्वीस वर्षांची इंजिनिअर मुलगी अजून आत्याकडून शुद्धलेखन तपासून घेते, हे ऑफिसात कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. आणि सख्ख्या आत्याला मी अक्का का म्हणते, तर बाबा म्हणतात म्हणून, हे अभिजीतच्या घरी समजावताना माझी दमछाक झाली ती वेगळीच.

तुझ्या कानाचं यंत्र दुरुस्त झालं का? परवा फोन केला तेव्हा तुझा आवाज कमी आणि त्याची शिट्टी जास्त ऐकू आली. शनिवारी निघून यावं म्हटलं, तर इथून तुझं शिवाजीनगर गाठायला पावणेदोन तास. त्यापेक्षा पोस्टमन बरा, तो निदान बेळ्ळंदूरच्या सिग्नलला रडत नाही.

आता कामाचं. एक शब्द अडलाय. गेल्या शुक्रवारी मी के. आर. पुरमला अभिजीतकडे वरमहालक्ष्मीच्या पूजेला गेले होते. परतताना तो मला सोडायला आला, तेव्हा मी सहज म्हणाले की आज माझा मोठा विठोजी झाला. त्यानं विचारलं की विठोजी कोण? मला आधी वाटलं की चेष्टा करतोय. तो निपाणीकडचा, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, माझ्याहून शंभरपट चांगलं मराठी बोलणारा. त्याला ठाऊक नाही! ऑफिसातल्या पुण्याच्या सोनमला विचारलं, तिलाही माहीत नाही. शब्दकोशात नाही. म्हणजे जन्मापासून जो शब्द मी आख्ख्या मराठी मुलखाचा समजत होते, तो फक्त आपल्या घरात चालतो की काय?

तर शब्दाचा अर्थ आणि तो आला कुठून, हे दोन्ही लिही. पाच गुणांचा प्रश्न आहे असं समज, त्रोटक उत्तर चालणार नाही.

आणखी एक स्वल्प काम आहे. अभिजीतशी ठरलेला दसऱ्याचा साखरपुडा थोडा पुढे ढकलता आला तर बरं, हे तू बाबांच्या कानावर घाल. ऑफिस मला सहा महिन्यांसाठी पुण्याला पाठवतंय. कारण तेवढंच.

लोभ आहेच, लाल शाई मात्र बेताची असावी.

तुझी,
हर्षिता


शिवाजीनगर, बेंगळूरु
शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

चि. हर्षितास,
अक्काचे अ. उ. आ.

चुका अकरा. प्रगती आहे. यंत्र दुरुस्त झालं, पण आता त्यात रस्त्यावरच्या सगळ्या रिक्षा ऐकू येतात आणि समोरचा माणूस येत नाही. म्हणून मी ते डब्यात घालून ठेवलंय. पत्राचं बरं असतं, त्याला कान लागत नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, तेव्हा शिस्तीत लिहिते. विठोजी म्हणजे चारचौघांत झालेली फजिती, पण प्रत्येक फजिती विठोजी नव्हे. जिन्यावरून घसरून पडणं हा विठोजी नाही, तो नुसता अपघात. मुद्दाम कुणाला टोचून बोलणं हाही नाही, तो खवचटपणा. विठोजी व्हायला माणसाचा हेतू चांगलाच असावा लागतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आणि तोही सगळी मंडळी बघत असताना, तर तो विठोजी. तोंडातून गेलेलं मागे घेता येत नाही, ही त्याची शेवटची खूण.

उदाहरणं हवीत तर तुझे बाबाच घे. साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात माझा हा भाऊ भाषणाला उभा राहिला, साहेब किती चांगले होते, किती दिलदार होते, असं भरभरून बोलला आणि शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. लोक उभेही राहिले. साहेब स्वतः उभे राहिले. किंवा तुझी मामी. कुणाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची बातमी घरच्या ग्रुपवर आली, त्यावर तिनं केकचं चित्र आणि अभिनंदन पाठवलं. हे अव्वल दर्जाचे विठोजी.

कुठून आला म्हणशील, तर आपल्या घराण्यात असेल कुणी जुना. आपली माणसं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आली असं म्हणतात. त्यातला कुणी विठोजी नावाचा शिलेदार भलत्याच सरदाराच्या तंबूत शिरून मुजरा करून आला असेल. इतक्या जुन्या गोष्टी कोण उकरत बसतं?

आता माझा प्रश्न, तो दहा गुणांचा. जुलैच्या पत्रात तूच लिहिलं होतंस की पुण्याला जायचं विचारलं आणि तू साफ नाही म्हणालीस. महिन्यात पुणं एवढं गोड कशानं झालं? आणि शुक्रवारी मोठा विठोजी झाला म्हणतेस, तो कसला, याबद्दल चार पानांत एक ओळ नाही. शाळेत जी मुलगी दोनदा पाणी प्यायला जायची, तिनं गृहपाठ केलेला नसायचा. तू मला तिसऱ्यांदा पाणी प्यायला गेल्यासारखी वाटतेस. विश्वेश्वरच्या कानावर मी काहीही घालणार नाही. आधी मला खरं लिही.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहे तशीच आहे, ती काही पुण्याला जात नाही.

तुझी,
अक्का


बेळ्ळंदूर
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

ती. स्व. अक्कास,
हर्षिताचा शि. सा. न. वि. वि.

लिहिते. तू हसणार असशील तर आताच हसून घे.

वरमहालक्ष्मी त्यांच्या निपाणीकडे नसते, पण अभिजीतच्या आई, भाग्यलक्ष्मीकाकू, के. आर. पुरमला आल्यावर शेजारणींचं बघून करायला लागल्या. कलशाला जरीची साडी नेसवली होती, देवीचा मुखवटा बसवला होता. आजूबाजूच्या दहा-बारा बायका आल्या होत्या. सगळ्या मला निरखून बघत होत्या, आणि मी तुझी ती मोरपंखी साडी सांभाळत होते. आरती झाली. काकूंनी कुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना लावायला सांगितलं. होणारी सून म्हणून मान दिला गं त्यांनी मला.

आपल्या घरी पहिलं कुंकू कुणाला लावतात? तुला. मला कळायला लागल्यापासून मी तेच बघत आलेय, घरात जी मोठी तिला पहिलं. मी ताट घेतलं आणि सरळ खिडकीजवळ गेले. तिथं अभिजीतची आजी, गंगव्वा, खाटेवर बसून वाती वळत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी मान वर केली आणि मी त्यांच्या कपाळावर कुंकू टेकवलं. तुला लावते तसंच, चांगलं ठसठशीत.

अक्का, त्यांचे यजमान जाऊन एकोणचाळीस वर्षं झालीत. खोलीतला आवाजच बंद झाला. काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला वाटलं की कुंकू नीट लागलं नाही म्हणून सगळ्या बघताहेत. तर मी वाकून त्यांना विचारलं की वाकडं लागलं का, परत लावू का? बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो हाच.

गंगव्वा उठल्या, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि आपल्या खोलीत गेल्या. जेवायला बाहेर आल्या नाहीत. मी पानावर बसले, पण काय खाल्लं ते आठवत नाही. निघताना काकूंनी पुरणाच्या होळिग्यांचा डबा दिला आणि मनाला लावून घेऊ नकोस म्हणाल्या. म्हणजे मनाला लावून घेण्यासारखं काहीतरी झालंच होतं ना?

त्यानंतर दोन रविवार गेले. अभिजीत बोलावतो. पहिल्यांदा ताप आला म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा ऑफिस. तो म्हणतो की काही झालेलं नाही, चल. पण मला त्या खोलीत पाऊल टाकायची कल्पनाच सहन होत नाही. तो डबा घासून ओट्यावर ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नसतो, आणि भरून न्यायला तोंड नाही. रोज सकाळी कॉफी करताना तो माझ्याकडे बघतो.

म्हणून पुणं. सहा महिन्यांत लोक विसरतील, किंवा अभिजीत विसरेल, म्हणजे एकूण प्रश्नच मिटेल. ऑफिसला होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचाय. मला तो मुलगा फार आवडतो अक्का, हेही लिहून टाकते. पण मी त्या घरात जन्मभर हिनंच आजींना कुंकू लावलं म्हणून ओळखली जाणार, हे मला नको आहे.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
हर्षिता


शिवाजीनगर
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

चि. हर्षितास,
अक्काचे अ. उ. आ.

या वेळी लाल पेनाचं टोपण उघडलं नाही. चुका माझ्याच निघाल्या.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. शिलेदार नाही, तंबू नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून एकेचाळीस वर्षं मूठ झाकून बसले, आता उघडते. विठोजी माझा चुलतभाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, लांब हाताचा, कमालीचा आदबशीर मुलगा. विमानाच्या कारखान्यात लागला होता. कुणाच्या घरातून निघताना तो अगदी दारातल्या मांजराचासुद्धा निरोप घ्यायचा. तो जिवंत आहे. राजाजीनगरला राहतो. आपल्या घरापासून फार तर आठ किलोमीटर.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत माझे यजमान, तुझे काका, गेले. रघुनंदन सकाळी शाळेत शिकवायला गेले आणि दुपारी त्यांना घरी आणलं. मी एकोणतीस वर्षांची. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. आठ दिवस मी भिंतीला टेकून बसून होते, बायका कुजबुजायच्या की हिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. आठव्या दिवशी विठोजी भेटायला आला. तास-दीडतास खाली मान घालून बसला, मग उठला.

दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. मुकाट्यानं उठून जायचं असतं. तसल्या कारणानं कुणी पुन्हा यायला नको म्हणून. विठोजी दारापर्यंत गेला, वळला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला की येतो अक्का, सगळे भेटले, फार बरं वाटलं, असंच बोलवत जा.

अय्यो, हर्षिता! पंचवीस माणसं बसली होती. आणि मी हसले. आतून उसळून आलं ते. कारण त्या क्षणी मला एकच सुचलं, की हे ऐकायला रघुनंदन असते तर खांब धरून हसले असते आणि महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले असते. मी पदरात तोंड घालून हसले, आणि हसता हसता पहिल्यांदा रडायला आलं. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत रडले आणि रात्री झोपले, आठ दिवसांत पहिल्यांदा.

पण विधवा आठव्या दिवशी हसली, हे घराला कसं खपावं? थोरल्या काकांनी सगळा राग त्याच्यावर काढला. सासूबाई म्हणाल्या की त्या मुलाला पुन्हा दारात उभं करू नका. आणि मी काय केलं? काहीच नाही. त्याच्यामुळं मी रडू शकले, हे मी एका माणसालासुद्धा सांगितलं नाही. फेब्रुवारीत त्याचं पत्र आलं, माफी मागणारं, फार वळणदार अक्षरात. मी उत्तर दिलं नाही. आज देईन, उद्या देईन म्हणता म्हणता ते ट्रंकेत गेलं. पुढे वर्षभरात घरातली पोरं कुणाची फजिती झाली की विठोजी झाला म्हणायला लागली. मीही म्हणायला लागले. तो शब्द तुझ्या बोबड्या तोंडात मीच घातला.

विठोजी त्यानंतर कुणाच्या लग्नाला आला नाही, बारशाला आला नाही, त्याची आई गेली तेव्हा स्मशानातून परस्पर घरी गेला. त्याला कुणी हाकललं नव्हतं, तो आपणच येईनासा झाला. एका वाक्यापायी आठ किलोमीटर एकेचाळीस वर्षांचे झाले. तू पुण्याला जायचं म्हणतेस ते मला कसं बघवेल, तूच सांग.

कुंकवाचं म्हणशील, तर त्यात माझा हात आहे. तू पाच वर्षांची असताना संक्रांतीला ताट घेऊन दुडदुडत आलीस आणि माझ्या कपाळावर बोट टेकवलंस. तुझ्या आईचा चेहरा पडला. मी म्हटलं, राहू दे. मला ते आवडलं होतं. पण प्रत्येक घरात असं नसतं, ज्या बाईला लावायचं तिला आधी विचारावं, हे तुला शिकवायचं राहिलं. शुद्धलेखन शिकवत बसले.

तुझी चूक झाली, हे खरंच आहे. चूक नव्हती अशी समजूत मी तुझी घालणार नाही. पण चूक झाली की त्याच घरात परत जायचं असतं, आणि लवकर जायचं असतं. जितका उशीर तितका उंबरठा उंच होतो. डबा भर. बेसनाचे लाडू कर, तुला तेवढेच येतात. जा, आजींसमोर बस आणि चुकले म्हण. मग त्या काय म्हणतील ते म्हणोत.

मी आज आणखी एक पत्र लिहिणार आहे. ट्रंक उघडून त्याचं जुनं पत्र समोर ठेवलंय.

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी माझ्यासाठीही थोडे मागून ठेव.

तुझी,
अक्का


शिवाजीनगर
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

चि. विठोजीस,
नीरजाचे अ. उ. आ.

तुझे ९ फेब्रुवारी १९८४ चे पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला.

माफी तू मागायची नव्हतीस. त्या दिवशी तू जे बोललास ते ऐकून रघुनंदन खांब धरून हसले असते असं वाटलं, त्यानं मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं. त्याआधी आठ दिवस मी दगड झाले होते. डॉक्टरांना, भटजींना, जमलेल्या बायकांना जे जमलं नाही ते तुझ्या येतो म्हणण्यानं झालं. हे मी त्याच वेळी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. भ्याले. नंतर लाज वाटली, तुझं पत्र ट्रंकेत गेलं, आणि लाजेपायी आणखी वर्षं गेली.

घरात तुझ्या नावाचा एक शब्द झालाय, तो तुझ्या कानावर आला असेल. तो मीही वापरला. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते, मोठी असले तरी.

विश्वेश्वरच्या हर्षिताचा साखरपुडा दसऱ्याला ठरलाय, होईल की नाही हे तिच्यावर आहे. झाला तर तू यावंस. नाही झाला तरी ये, कॉफीला. तुझा पत्ता तुझ्या कारखान्यातल्या देवाप्पांकडून मिळवला, ते अजून रोज सकाळी आमच्या गल्लीत दूध घ्यायला येतात. रागावला असशील तर तसंच लिही. पण मी केलं तसं करू नकोस, लिही.

पूर्वीचा लोभ शिल्लक असेल तर थोडा पाठव.

तुझी,
अक्का


बेळ्ळंदूर
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अक्कास,
हर्षिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग पुण्याला नकार कळवला. लाडू केले. पहिला घाणा करपला, दुसरा वळेना, तिसरा नेला. काल सकाळी अकराला के. आर. पुरमला पोचले. अभिजीतला फाटकातच थांबवलं आणि एकटी आत गेले.

गंगव्वा त्याच खाटेवर होत्या. मी खाली जमिनीवर बसले आणि चुकले म्हणाले. मला वाटलं होतं की त्या डोक्यावरून हात फिरवतील. छे! त्यांनी मला चांगलं अर्धा तास झापलं. म्हणाल्या की कुंकू त्यांनी स्वतःच्या मनानं सोडलं, कुणी पुसायला आलं नव्हतं आणि कुणी लावायलाही यायचं कारण नाही. ते त्यांचं कपाळ आहे. विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं आणि विषय संपला असता. मी सगळं ऐकून घेतलं. तुझं बरोबर होतं अक्का, चूक ती चूकच.

मग त्या थांबल्या, आणि म्हणाल्या की हे त्याच दिवशी संध्याकाळी बोलून संपलं असतं. तीन रविवार कुठं होतीस? त्या प्रत्येक रविवारी खिडकीजवळ बसून फाटकाकडे बघत होत्या. घरात सगळ्यांना वाटायला लागलं होतं की मुलीला घर पसंत पडलं नाही, म्हातारी तोंड धुवायला उठली म्हणून मुलगी बिथरली. त्या म्हणाल्या की कुंकवाचा राग तोंड धुतलं तेव्हाच गेला, न आल्याचा मात्र अजून आहे. तेव्हा मी रडले. त्यांनी रडू दिलं आणि वाती वळायला कापूस दिला. माझ्या वाती बघून त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. मग कळलं की त्या वातींना हसत नव्हत्या, परत लावू का ते आठवून हसत होत्या. काकू म्हणाल्या की शेजारच्या चार घरांत आजींनी ते स्वतःच नक्कल करून सांगितलंय.

म्हणजे त्या घरात माझी तीच ओळख राहणार आहे, जी मला नको होती. पण आता तितकं वाईट वाटत नाही. ओळखली तर जाते.

मी त्यांना विठोजीमामांची गोष्ट सांगितली. तुझे भाऊ म्हणून मामा म्हटलं तर चालेल ना? की बाबांकडून काका? आजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की तो माणूस हयात आहे का. आहे म्हटल्यावर हुकूम सोडला की साखरपुड्याला त्याला बोलवा आणि माझ्या शेजारची खुर्ची द्या, आम्हा दोघांचं जमेल. तर साखरपुडा दसऱ्यालाच. बाबांच्या कानावर काही घातलं नाहीस ना? नको घालूस.

निघताना त्यांनी डबा परत भरून दिला, शेंगदाण्याची चटणी. आता तो नेऊन द्यायला हवा. सरी, ठीक आहे, येत्या रविवारी जाते.

राजाजीनगरहून काही आलं का? तुझ्यासाठी आशीर्वाद मागून ठेवलेत, गंगव्वांकडून. त्यांचे जास्त चालतात असं दिसतं.

तुझी,
हर्षिता


राजाजीनगर, बेंगळूरु
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अक्कास,
विठोजीचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र २६ तारखेला हाती आले. पोस्टमनला बसवून पाणी दिले, कारण त्याने काय आणले हे त्याला ठाऊक नव्हते. उत्तरास तेरा दिवस लागले. तुझ्या मानाने लवकरच म्हणायचे.

रागावला असशील तर तसं लिही म्हणतेस. होतो. खोटे कशाला बोलू? एकदा बसमध्ये आपल्याच घरातली दोन मुले माझ्या शेजारी उभी होती. एक दुसऱ्याला सांगत होता की काल कॉलेजात त्याचा कसा विठोजी झाला. त्यांनी मला ओळखले नाही. किस्सा चांगला होता, मीही हसलो. पण माझ्या स्टॉपच्या आधीच उतरलो आणि घरापर्यंत चालत गेलो. हिने विचारले की उशीर का, तर बस बिघडली म्हणालो. तेवढे एक मनात होते, ते आता लिहून टाकले. गेले.

त्या दिवसाचे माझ्या बाजूने सांगतो, म्हणजे तुमच्या शब्दाची व्युत्पत्ती पुरी होईल. आईने मला निघताना दहादा बजावले होते की तिथे येतो म्हणू नकोस. बसमध्ये मी सारा वेळ तेच घोकत होतो, येतो म्हणायचे नाही, येतो म्हणायचे नाही. तुझ्यासमोर बसलो तेव्हाही तेच घोकत होतो. रघुनंदनभावजींच्या खुंटीवर त्यांची छत्री तशीच होती, ती बघितली आणि माझे घोकणे सुटले. दारात वळलो तेव्हा तोंडात फक्त येतो उरले होते. बाकीचे त्याच्यामागून आपोआप आले, सवयीने.

पण अक्का, मी का आलो नाही ते तुझ्या पत्राने मला कळले. काका ओरडले म्हणून नाही. लोक हसले म्हणूनही नाही. मी पायऱ्यांवर चपला घालत होतो तेव्हा आतून तुझा आवाज आला, पदरात कोंडलेला. मला वाटले की मी तुझ्या जखमेवर घाव घातला आणि तू कोसळलीस. एकेचाळीस वर्षे तो आवाज माझ्या कानात होता. कुणाच्याही दारात उभा राहिलो की तो ऐकू यायचा, मग पाय मागे फिरायचे. आणि आता तू लिहितेस की तू हसत होतीस! मी हे पत्र हिला वाचून दाखवले, तर मला पुढे वाचवेना. तिने चष्मा काढून घेतला आणि उरलेले तिनेच वाचले. मग दोघे बसून पुष्कळ वेळ हसलो. तुला म्हणून सांगतो, रडलोही.

भावजी खांब धरून हसले असते हे मात्र खरे. मला ते तेव्हाच सुचायला हवे होते.

शब्दाबद्दल क्षमा वगैरे नको. राहू दे तो घरात. माणूस राहिला नाही, निदान नाव तरी त्या घरात रोज जेवत होते. हर्षिताचे आणि त्या आजीबाईंचे तू मागाहून कळवलेस, ते कार्ड परवा मिळाले. हर्षिताला माझे आशीर्वाद सांग, आणि मला मामा म्हणायचे की काका ते तिचे तिने ठरवावे, मी दोन्हीला ओ देईन. गंगव्वाबाईंच्या शेजारची खुर्ची मला मान्य आहे, पण माझ्यासमोर कुणी माइक ठेवू नका. दसऱ्याला आम्ही दोघे सकाळी नऊपर्यंत पोचतो. त्याआधी, तुझी हरकत नसेल तर, येत्या रविवारी कॉफीला एकटाच यावे म्हणतो. ट्रंकेतले माझे पत्र काढून ठेव, अक्षर कसे होते ते बघायचे आहे.

शेवटी काय लिहायचे याचा दोन दिवस विचार केला. लोभाचे वाक्य लिहून बघितले, खोडले. मला एकच निरोप नीट येतो, तोच पुन्हा घेतो. या वेळी घर चुकलेले नाही.

येतो अक्का. फार बरं वाटलं. असंच बोलवत जा.

तुझा,
विठोजी